शिक्रा की पावशा? छाती सोडा, पाय बघा

"आमच्या गच्चीवर गरुड आलाय, चिमण्यांवर टपून बसलाय." असा निरोप आणि खाली एक धूसर फोटो, महिन्यातून एकदा तरी येतोच. गरुड नसतो हो तो. वर घिरट्या घालणारी, शेपटीला खाच असलेली घारही नव्हे. आणि दिसेल त्या शिकारी पक्ष्याला 'ससाणा' म्हणणं तर आता थांबवाच. तुमच्या ज्वारीच्या ताटलीवर जमणाऱ्या चिमण्या-होल्यांसाठी पानांआड दबा धरतो तो बहुतेकदा शिक्रा, एक छोटा शिकारी पक्षी. कबुतराहून लहान, २६ ते ३० सेंटिमीटर. पाठ राखाडी, छातीवर तांबूस आडवे पट्टे, शेपटीवरही पट्टे.

खरा घोळ पावशा घालतो. हो, तोच, पावसाच्या तोंडावर 'पेरते व्हा, पेरते व्हा' करून झोपमोड करणारा. हा कोकिळेच्या कुळातला. घरटं बांधायचं नाव नाही; अंडी सातभाईंच्या घरट्यात. पण सोंग शिक्र्याचं: पाठ राखाडी, छातीवर तांबूस झाक आणि आडवे पट्टे, शेपटीवरही पट्टे. उडणंही तसंच, चार-पाच वेळा पंख मारायचे आणि मग तरंगायचं. सोंग इतकं बेमालूम, की छोटे पक्षीही फसतात. त्यामुळे "सगळ्या चिमण्या भुर्रकन उडाल्या" हा शिक्र्याचा पुरावा होत नाही. "छातीवर पट्टे आहेत" हा तर मुळीच नाही, आणि लोक नेमका तेवढाच सांगतात! पिल्लं मोठी होत असताना तर आणखी पंचाईत, कारण दोघांच्याही पोटावर तेव्हा पट्ट्यांऐवजी ठिपके आणि उभ्या रेघा असतात.

म्हणून पाय बघा. शिक्र्याचे पाय पिवळे, लांब, काटकुळे; तीन बोटं पुढे, एक मागे, नख्या बाकदार. पावशाचे पाय आखूड, बसल्यावर पोटाखाली जवळजवळ गडप होणारे. बोटं दोन पुढे, दोन मागे. पाय पानांत लपले असतील तर चोच. शिक्र्याची आखूड, मुळापासूनच खाली वळलेली, अणकुचीदार. पावशाची सरळसर, टोकाशी जराशी कललेली. तिने मांस फाडणं जमायचं नाही. डोळा लालभडक दिसला तर प्रश्नच मिटला: शिक्र्याचा नर. पिवळा असेल तर मात्र काहीच ठरत नाही.

बसण्याची ढबही मला पट्ट्यांपेक्षा भरवशाची वाटते. शिक्रा ताठ बसतो, पहाऱ्यावरच्या शिपायासारखा. पावशा बराचसा आडवा, पंख सैल सोडून.

आवाजाचं म्हणाल तर मे-जूनमध्ये पावशा स्वतःच नाव सांगतो. हिवाळ्यात मात्र तो गप्प असतो. शिक्र्याच्या ओरडण्यावरही लगेच विसंबू नका; कोतवाल त्याची हुबेहूब नक्कल करतो.

गेल्या श्रावणात आमच्याच आवारात एकदम शांतता झाली. होले गायब, ताटली रिकामी. शेजारच्या काकू म्हणाल्या, "आला बघ तुझा शिक्रा." शेवग्यावर पट्टेरी छातीचा एक पक्षी बसला होता. खोडाला नेहमीप्रमाणे केसाळ सुरवंटांचा गठ्ठा चिकटलेला. पक्ष्याने त्यातला एक उचलला, फांदीवर दोनदा आपटला आणि गिळला. चिमणी नव्हे, सुरवंट; म्हणजे पावशाच.


काकूंना अजून पटलेलं नाही.