दहावीनंतर काय? महाराष्ट्रातल्या एका जुन्या प्रश्नाची पार्श्वभूमी

दहावी-बारावीचा निकाल लागला की घराघरांत सल्ल्यांची गर्दी होते. आयटीआय कर, डिप्लोमा बघ, इंजिनीअरिंगला जा, एमपीएससीचा अभ्यास सुरू कर. यातला प्रत्येक सल्ला राज्याच्या अर्थकारणातल्या कोणत्या ना कोणत्या काळात खरा ठरलेला आहे. अडचण अशी की सल्ला टिकून राहतो आणि तो काळ सरतो.

कावसजी दावर यांनी 1854 मध्ये मुंबईत सूतगिरणीची कंपनी काढली. पुढे गिरणगाव वसलं. कोकणातून आणि घाटावरून आलेल्या माणसाला तिथे कोणी दाखला विचारत नसे. गाववाला आत असेल, जॉबरशी, म्हणजे कामगार भरणाऱ्या मुकादमाशी, ओळख असेल, तर बदली म्हणून नाव लागायचं. मग रोज गेटवर जायचं. कायमचा कामगार आला नाही तर त्या दिवसाचं काम मिळायचं. कायम होईपर्यंत कित्येकांची उमेदीची वर्षं यातच गेली. तरी गावाला मनिऑर्डर जात होती, आणि पोराला मुंबईला गिरणीत लावणं हेच हजारो घरांचं नियोजन होतं. 18 जानेवारी 1982 रोजी कामगार नेते डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार त्यात उतरले. त्यांतल्या कितीतरी जणांना गिरणीचं काम पुन्हा मिळालं नाही. सगळ्यात जास्त हाल झाले ते चाळिशी-पंचेचाळिशीतल्या माणसांचे. मागावरचं कसब हातात होतं, पण मुंबईत त्याला गिऱ्हाईक उरलं नव्हतं, आणि दुसरं काही शिकवण्याची पुरेशी सोय कोणी केली नव्हती.

नव्या राज्याने दुसरा रस्ता आधीच आखला होता. आयटीआयमधून शिकवणारी केंद्राची कारागीर प्रशिक्षण योजना 1950 पासून होती, केंद्राचाच शिकाऊ उमेदवारांचा कायदा 1961 मध्ये आला, आणि 1962 मध्ये राज्याची एमआयडीसी, म्हणजे औद्योगिक विकास महामंडळ, स्थापन झाली. पिंपरी-चिंचवड, ठाणे-बेलापूर, नाशिकचं सातपूर, पुढे मराठवाड्यात वाळूज. फिटर, टर्नर, वेल्डर झालेल्या मुलाला या पट्ट्यांत कायम नोकरी मिळण्याची खरी शक्यता होती. आयटीआयचा सल्ला त्या काळातला आहे. एमआयडीसीचे फलक बहुतेक जिल्ह्यांत लागले, पण मोठे कारखाने मुख्यतः मुंबई-ठाणे-पुण्याभोवती दाटले, आणि 1991 च्या आर्थिक उदारीकरणानंतर त्या कारखान्यांतही कंत्राटी भरती वाढत गेली.

ज्यांच्यापर्यंत हे काहीच पोहोचलं नाही, त्यांच्यासाठी महाराष्ट्राने जे केलं त्याला देशात तोड नव्हती. विधान परिषदेचे सभापती वि. स. पागे यांनी मांडलेल्या रोजगार हमीच्या कल्पनेचा छोटा प्रयोग सांगली जिल्ह्यात आधी झाला होता. 1972 च्या दुष्काळात लाखो माणसं खडी फोडायला, पाझर तलावांवर माती टाकायला आली आणि ही योजना राज्यभराची गरज बनली. कायदा 1977 मध्ये झाला, 26 जानेवारी 1979 पासून तो लागू झाला. पैसा कुठून आणायचा? त्यासाठी 1975 मध्ये व्यवसाय कर बसवला. आजही पगाराच्या स्लिपवर कापला जाणारा तोच हा कर. शहरातल्या पगारदाराने गावातल्या मजुराच्या कामाचा भार उचलायचा, असा हा करार होता, आणि मला तो या राज्याच्या इतिहासातला सर्वांत अभिमानाचा निर्णय वाटतो. 2005 च्या राष्ट्रीय रोजगार हमी कायद्यामागे हाच अनुभव होता. मात्र हमी मिळाली ती अंगमेहनतीची. त्या कामावर उभ्या असलेल्या बाईच्या मुलीने पुढे काय शिकावं, हे सांगणारी यंत्रणा या हमीच्या जोडीला कधी आली नाही.

1983 मध्ये वसंतदादा पाटील सरकारने विनाअनुदानित अभियांत्रिकी महाविद्यालयांना परवानगी दिली. देणग्यांवरून टीका झाली, ती योग्यही होती. पण राज्यातल्या मुलांना शिकायला परराज्यांत जाण्याची गरज कमी झाली. हिंजवडीत आयटी पार्क उभं राहिलं तेव्हा मनुष्यबळ तयार होतं. मग जागा वाढतच गेल्या, इतक्या की पुढच्या दशकात अनेक महाविद्यालयांत त्या रिकाम्या राहू लागल्या. कर्ज काढून शिकलेल्या मुलांना मिळालेला सल्ला पंधरा वर्षं जुना होता.

दरम्यान शेतीतली माणसं फारशी हलली नाहीत. 2011 च्या जनगणनेत राज्यातल्या काम करणाऱ्यांपैकी निम्म्याहून अधिक जण शेतकरी किंवा शेतमजूर होते, तर राज्याच्या उत्पन्नात शेतीचा वाटा याच्या कितीतरी खाली. या तफावतीतून बाहेर पडण्याची भरवशाची वाट म्हणून खेड्यातला मुलगा पोलीस भरतीकडे आणि एमपीएससीकडे बघतो. त्याला हट्टी म्हणणं अन्यायाचं आहे. वेळेवर पगार आणि निवृत्तीपर्यंतची शाश्वती देणारं दुसरं काही त्याच्या तालुक्यात त्याने क्वचितच पाहिलेलं असतं.

आता माहितीचा प्रश्न. सेवायोजन कार्यालयांना, म्हणजे बेरोजगारांची नोंदणी करणाऱ्या सरकारी कार्यालयांना, रिक्त जागा कळवण्याची सक्ती 1959 च्या कायद्याने मालकांवर केली. तिथूनच माणूस घेण्याची सक्ती मात्र नव्हती. त्यामुळे तिथे नोंदणी भरपूर झाली, बोलावणी थोडी आली. 2016 मध्ये दहावीच्या विद्यार्थ्यांची कल चाचणी सुरू झाली. मुलाला काय आवडतं हे शासनाने इतक्या मोठ्या प्रमाणावर विचारलं, ही चांगलीच गोष्ट. पण कल कळला तरी पुढचा भाग उरतोच: हिंगोलीच्या किंवा गडचिरोलीच्या मुलीला, आपल्या जिल्ह्यात येत्या पाच वर्षांत कोणत्या कामाला किती माणसं लागतील आणि सुरुवातीचा पगार किती असेल, हे शाळेतच, मराठीत, दरवर्षी सांगितलं गेलं पाहिजे.