एसयूव्हीला ट्रेलर जोडायचा तर हिच कुठली?

हिच म्हणजे गाडीमागे ट्रेलर अडकवायची सगळी जोडणी. गाडीच्या पोटाखाली बोल्टने बसवलेला चौकोनी नळीसारखा रिसीव्हर, त्यात सरकवून पिन घालायचा बॉल माउंट, त्यावरचा लोखंडी बॉल, आणि बॉलवर टोपीसारखा बसणारा ट्रेलरचा कपलर. अमेरिका-कॅनडात एसयूव्हीमागे कॅम्पर (चाकांवरची राहायची खोली) नाहीतर बोट ओढत नेणं अगदी रोजचं आहे, आणि तिकडची आपली मराठी मंडळीही सुट्टीत कॅम्पर घेऊन निघतात, म्हणून ही नोंद तिकडच्याच गाड्यांची आणि आकड्यांची.

ज्यांनी बैलगाडी भरलेली पाहिलीय त्यांना यातली मुख्य गोष्ट आधीच माहिती आहे. माल मागे जास्त झाला की गाडी उलाळ होते, जू वर उचललं जातं, आणि फार पुढे रचला की सगळं ओझं बैलांच्या मानेवर येतं. ट्रेलरचंही तेच. कपलर बॉलवर जेवढा खाली दाबतो त्याला टंग वेट म्हणतात आणि ते भरलेल्या ट्रेलरच्या वजनाच्या १० ते १५ टक्के असावं लागतं. कमी पडलं तर हायवेवर ट्रेलर शेपटीसारखा डोलायला लागतो, याला स्वे म्हणतात, आणि गाडी उलटण्यापर्यंत मजल जाऊ शकते. जास्त झालं तर एसयूव्हीची मागची बाजू बसते, पुढची चाकं हलकी होतात, स्टिअरिंग आणि ब्रेक दोन्ही ढिले पडतात. म्हणून हिच निवडताना सुरुवात दुकानातून नाही, या आकड्यापासून करायची.

रिसीव्हरचे क्लास असतात. क्लास १ आणि २ ची नळी सव्वा इंची, साधारण २००० आणि ३५०० पौंडांपर्यंत. क्लास ३ दोन इंची, ८००० पौंडांच्या आसपास, आणि मोठ्या एसयूव्हींना सहसा हाच असतो. त्यावरचे ४ आणि ५ जड पिकअप ट्रकांचे. आता इथे लोक हमखास फसतात: क्लास ३ चा रिसीव्हर लावला म्हणून गाडी ८००० पौंड ओढायला लागत नाही. गाडी, रिसीव्हर, बॉल माउंट, बॉल, कपलर यातल्या प्रत्येकाचा आकडा वेगळा आणि त्यातला सगळ्यात छोटा तोच खरा. कंपनीचं टो पॅकेज, म्हणजे ट्रेलर ओढण्यासाठीचा तयार संच, नसलेल्या गाडीत गाडीची यंत्रणा थंड ठेवणारा जास्तीचा कूलर किंवा ट्रेलरचं वायरिंग बऱ्याचदा नसतं, ते बाहेरून रिसीव्हर ठोकून येत नाही. सव्वा इंचाला दोन इंची अडॅप्टर लावूनही क्षमता वाढत नाही.

जाहिरातीतल्या '५००० पौंड ओढते' या आकड्याकडेही नीट बघावं. टो रेटिंग, म्हणजे गाडी किती ओढेल तो आकडा, काढायची एसएई (वाहन अभियंत्यांची संस्था) जे२८०७ नावाची ठरलेली पद्धत २००८ मध्ये आली, तिच्यात ॲरिझोनातला डेव्हिस डॅमचा लांब चढ एसी चालू ठेवून चढायची चाचणी आहे, पण गाडीत माणसं दोनच धरतात, १५०-१५० पौंडांची. आपण मात्र चौघं, वर बर्फाची पेटी आणि सायकली! म्हणून ड्रायव्हरच्या दरवाज्याच्या चौकटीवरचा स्टिकर वाचायचा, त्यावर माणसं आणि सामान मिळून किती वजन चालेल ते लिहिलेलं असतं, तोच पेलोड, आणि टंग वेट त्यातूनच वजा होतं. समजा पेलोड १३५० पौंड. भरलेला कॅम्पर ४५०० चा, १३ टक्क्यांनी टंग वेट ५८५, चार माणसं ६२०, सामान १५०, हिचचं स्वतःचं वजन ८०, झाले १४३५. म्हणजे ५००० वाली गाडी ४५०० ला आधीच ८५ पौंडांनी ओव्हरलोड, आणि रिसीव्हरची टंग मर्यादा ५०० असेल तर तिथेही नापास. माझ्या मते अशा वेळी हिच नाही, ट्रेलर बदलावा.

आकडे बसत असतील तर पुढचा प्रश्न साधा बॉल माउंट की वेट डिस्ट्रिब्युशन हिच, म्हणजे डब्ल्यूडी. डब्ल्यूडीत दोन जाड स्प्रिंग बार असतात, ते ताणून ट्रेलरच्या दांड्यांना अडकवले की मागे बसलेलं वजन तरफेसारखं उचलून काही पुढच्या चाकांवर, काही ट्रेलरच्या चाकांवर जातं. छोट्या सामानाच्या ट्रेलरला याची गरज नाही, पण उंच भिंतीच्या कॅम्परला मी तरी याशिवाय हायवेवर नेणार नाही. मात्र मॅन्युअल आधी वाचा, काही कंपन्या डब्ल्यूडी वापरूच नका म्हणतात, काही ठरावीक वजनानंतर सक्तीचं करतात. सर्ज ब्रेकवाल्या (गाडी थांबताना ट्रेलरच्या रेट्यानेच लागणारे ब्रेक) बोट ट्रेलरला तर प्रत्येक डब्ल्यूडी चालत नाही. स्वे रोखायला घर्षणावर चालणारी पट्टी वेगळी मिळते, इक्वलायझरसारख्या हिचमध्ये ते आतच येतं, आणि हेन्सली किंवा प्रोप्राइडची महागडी जोडणी तर ट्रेलर फिरण्याचा बिंदूच एसयूव्हीच्या मागच्या ॲक्सलकडे (चाकांच्या आसाकडे) सरकवते. पण माल मागच्या बाजूला लादलेला ट्रेलर यातल्या कशानेही सुधारत नाही, साधारण ६० टक्के माल ट्रेलरच्या ॲक्सलच्या पुढेच हवा.

बॉल सहसा तीन मापांचे: १ ७/८, २ आणि २ ५/१६ इंच. कपलरवर माप छापलेलं असतं, तोच घ्यायचा. छोटा बॉल मोठ्या कपलरमध्ये बसल्यासारखा वाटतो आणि खड्ड्यात उसळून सुटतो. बॉल माउंटचा ड्रॉप, म्हणजे बॉल रिसीव्हरपेक्षा किती खाली येतो ते, असा निवडायचा की जोडल्यावर ट्रेलर सपाट किंवा नाकाकडे किंचित खाली दिसेल, नाक वर नको. सेफ्टी चेन कपलरखाली एकमेकींवरून फुली करून. ब्रेकचा नियम राज्यागणिक वेगळा, बऱ्याच ठिकाणी ३००० पौंडांवर ट्रेलरला स्वतःचे ब्रेक लागतात, कॅलिफोर्नियात १५०० वरच. इलेक्ट्रिक ब्रेक असले तर सात पिनांचा कनेक्टर आणि गाडीत ब्रेक कंट्रोलर (ट्रेलरचे ब्रेक चालवणारी डबी) हवाच. स्वे सुरू झाला तर गाडीच्या ब्रेकवर पाय न मारता ॲक्सिलरेटर सोडायचा, स्टिअरिंग सरळ धरायचं आणि कंट्रोलरवरून हाताने फक्त ट्रेलरचे ब्रेक लावायचे.

युरोपात सगळीकडे ५० मिमीचा बॉल आणि टंग वेटही बरंच कमी, पण तिथे ट्रेलरची वेगमर्यादाही कमी असते, त्यामुळे तिकडचा आकडा उचलून अमेरिकेत वापरू नये.

सगळं जोडून झालं की ट्रक स्टॉपवरच्या काट्यावर, म्हणजे कॅट स्केलवर, तीनदा वजन करावं: बार ताणून, बार सैल करून, आणि ट्रेलर सोडून नुसती एसयूव्ही. माणसं आणि सामान तिन्ही वेळा तेच. पुढच्या ॲक्सलवरून किती वजन उचललं गेलं आणि बारांनी त्यातलं किती परत आणलं ते यातून कळतं, आणि किती परत आणायचं ते मॅन्युअलमध्ये दिलेलं असतं.