रोड सायकलची बैठक व गिअर-जुळणी

रोड सायकलवर स्वाराचे शरीर पाच ठिकाणी टेकते : सीटवर बैठक, हँडलवर दोन हात आणि पेडलांवर दोन पाय. या जागांमधील अंतरे व कोन स्वाराच्या मापाप्रमाणे बसवणे म्हणजे बैठकीची जुळणी. पुढच्या चेनरिंगा (पेडलांजवळची दातेरी चक्रे) व मागची कॅसेट (मागच्या चाकावरील दातेरी चक्रांचा संच) अशी निवडणे की चढावरही पायांची गती टिकावी, म्हणजे गिअरची जुळणी. पुस्तकांत हे दोन विषय सहसा वेगवेगळ्या प्रकरणांत असतात. प्रत्यक्षात एकातली चूक दुसरीकडे उमटते. जड गिअर रेटून गुडघा दुखू लागला, की दोष सीटच्या उंचीला दिला जातो. सीट फार उंच असली, तर जलद पेडल मारताना कंबर डोलते, मग स्वार नकळत जड गिअरवर जातो. त्यामुळे दुखणे कोठे आहे यावरून थेट भाग बदलण्यापेक्षा पुढील क्रम पाळणे हिताचे : आधी पाय, मग सीट, मग हँडल आणि शेवटी गिअर.

पाय व क्लीट : क्लीट म्हणजे बुटाच्या तळाला लावायचा, पेडलमध्ये अडकणारा तुकडा. चवड्याचा सर्वांत रुंद भाग पेडलच्या आसावर किंवा त्याच्या काही मिमी. पुढे येईल, अशी क्लीट लावतात. क्लीट बुटाच्या टोकाकडे सरकलेली असली, तर पोटरी व टाचेमागील स्नायुबंधावर ताण येतो. लांब पल्ल्याचे स्वार ती टाचेकडे सरकवलेली पसंत करतात. पाऊल किती अंश फिरू शकेल हे क्लीटच्या रंगावरून कळते. शिमानो कंपनीच्या एसपीडी-एसएल प्रकारात लाल ० अंश, निळी २ अंश व पिवळी ६ अंश. लुक कंपनीच्या केओ प्रकारात काळी ० अंश, करडी ४.५ अंश व लाल ९ अंश. लाल रंगाचा अर्थ दोन्हीकडे उलटा असल्याने सुटी क्लीट घेताना घोटाळा होतो. विशेष कारण नसेल, तर ० अंशाची क्लीट टाळावी, कारण तिरकी बसलेली घट्ट क्लीट प्रत्येक फेऱ्याला गुडघ्याला पीळ देते.

सीटची उंची : या विषयातील सर्वांत मोठा वाद येथे आहे. १९६७ मध्ये हॅमली व टॉमस या ब्रिटिश संशोधकांनी सायकल-एर्गोमीटरवरील (जागेवर चालणाऱ्या, श्रम मोजणाऱ्या सायकलवरील) प्रयोगांवरून पायाच्या आतील लांबीच्या १०९ टक्के ही उंची सुचवली. आतील लांबी म्हणजे अनवाणी उभे राहून जमिनीपासून जांघेपर्यंतचे माप. भिंतीला पाठ टेकून दोन पायांत जाड पुस्तक वर दाबून धरले, की ते घेता येते. येथे सीटची उंची खालच्या टोकाला असलेल्या पेडलच्या आसापासून सीटच्या माथ्यापर्यंत मोजतात. नॉर्डीन-स्नायडर यांच्या १९७७ मधील अभ्यासात ऑक्सिजनचा सर्वांत कमी खर्च साधारण १०७ टक्क्यांवर आढळला. १९८० च्या दशकात फ्रेंच प्रशिक्षक सिरिल गिमार व त्यांचा अमेरिकन शिष्य ग्रेग लेमाँ यांच्या नावाने ०.८८३ चे सूत्र रूढ झाले; त्यात आतील लांबीला ०.८८३ ने गुणून येणारे अंतर क्रँक (पेडल धरणारे दांडे) ज्या आसावर फिरतात त्याच्या मध्यापासून, म्हणजे बॉटम ब्रॅकेटच्या केंद्रापासून, सीटच्या माथ्यापर्यंत धरतात.

१०९ टक्के व ०.८८३ ही दोन्ही सूत्रे एकच उत्तर देतात असा समज आहे, तो अंशतःच खरा आहे. १७० मिमी. क्रँक धरून आतील लांबी सुमारे ८२ सेंमी. असेल, तेथे ती जुळतात. लांबी ७४ सेंमी. व क्रँक १६५ मिमी. असल्यास १०९ टक्क्यांच्या सूत्राने क्रँकच्या मध्यापासूनची उंची ६४.२ सेंमी., तर ०.८८३ च्या सूत्राने ६५.३ सेंमी. येते. ९० सेंमी. लांबी व १७५ मिमी. क्रँक घेतल्यास फरक उलटा होतो : ८०.६ विरुद्ध ७९.५ सेंमी. म्हणजे आखूड पायांना लेमाँ यांचे सूत्र उंच बसवते आणि लांब पायांना हॅमली-टॉमस यांचे. शिवाय ०.८८३ च्या सूत्रात क्रँकची लांबी, पेडलची जाडी व बुटाचा तळ यांपैकी काहीच येत नाही.

तिसरी पद्धत सूत्राऐवजी गुडघ्याचा कोन मोजते. होम्स व सहकाऱ्यांनी १९९४ मध्ये पेडल सर्वांत खाली असताना गुडघा २५ ते ३५ अंश वाकलेला असावा असे सुचवले. मांडीच्या हाडाचे वरचे टोक, गुडघ्याची बाहेरील बाजू व घोट्याचे हाड अशा तीन खुणांवर गोनिओमीटर (कोनमापक) धरून हा कोन घेतात. पेव्हलर व सहकाऱ्यांच्या तुलनात्मक अभ्यासांत १०९ टक्क्यांवर बसवलेले स्वार पुष्कळदा या मर्यादेबाहेर गेलेले आढळले. त्याचे कारणही उघड आहे : मांडी व नडगी यांचे प्रमाण, पावलाची लांबी आणि टाच किती खाली जाते या गोष्टी एका गुणकात मावत नाहीत. घोटा स्थिर धरला, तर सीट १ सेंमी. हलवल्याने हा कोन अंदाजे ५ अंशांनी बदलतो. २५ ते ३५ अंशांची मुभा म्हणजे उंचीत सुमारे २ सेंमी. मोकळीक, वर दाखवलेला सूत्रांमधला फरक तिच्यात बसून जातो. म्हणून सूत्र सुरुवातीला घ्यावे आणि निर्णय कोनावर ठेवावा, हेच अधिक ग्राह्य वाटते. कोन मोजण्याची सोय नसल्यास बूट घालून टाच पेडलवर ठेवावी व उलटे पेडल मारून पाहावे. खालच्या टोकाला गुडघा नुकताच सरळ व्हावा आणि कंबर हलू नये.

सीट फार खाली असल्यास गुडघ्याच्या वाटीपुढे दुखते. फार वर असल्यास गुडघ्यामागे दुखते किंवा कंबर दोन्ही बाजूंना झुलते. बदल एका वेळी ३ ते ५ मिमी. एवढाच करावा. सीटपोस्टवर (सीट धरणाऱ्या नळीवर) किमान आत राहण्याची रेघ असते, ती कधीही बाहेर दिसता कामा नये. ती धरणारा क्लँप साधारणतः ५ न्यूटन-मीटरपर्यंत आवळतात, पण खरा आकडा भागावर छापलेला असतो. कार्बनची पोस्ट घसरत असेल, तर जास्त आवळून ती चिरडण्याऐवजी वाळूसारखे कण असलेली कार्बन पेस्ट लावावी.

सीट पुढे-मागे व तिचा कल : क्रँक आडवे असताना पुढच्या गुडघ्याच्या वाटीखालून सोडलेला ओळंबा पेडलच्या आसावर यावा, हा जुना दंडक आहे. सायकल-रचनाकार कीथ बाँट्रेगर यांनी त्यावर घेतलेला आक्षेप आज बहुतेक जाणकारांना मान्य आहे. गुडघा व पेडल यांच्या उभ्या रेषेला शरीरक्रियेचा कोणताही आधार नाही. रिकंबंट (मागे रेलून चालवायच्या) सायकलवर ही रेषा जुळतच नाही, तरीही पाय नीट चालतात. खरा प्रश्न तोल सांभाळण्याचा आहे. सीट मागे नेली, की धडाचा भार पायांवर येतो व हात हलके होतात. पुढे आणली, की तो हातांवर जातो. तरीही अनोळखी सायकलवर सुरुवात कोठून करावी हे ठरवायला ओळंबा सोयीचा आहे. सीट १ सेंमी. मागे सरकवली, की नेहमीच्या ७३ अंशांच्या सीट-नळीवर क्रँकपासूनचे अंतर सुमारे ३ मिमी. वाढते, तेवढी उंची नंतर कमी करावी लागते. हे न केल्याने ‘मागे घेतल्यावर गुडघ्यामागे दुखू लागले’ अशी तक्रार येते आणि दोष भलत्याच बदलावर जातो.

सीट प्रथम पाणसळ लावून सपाट ठेवावी. नाजूक भागावर दाब येत असेल, तर टोक १ ते ३ अंश खाली करता येते. त्याहून अधिक उतार दिल्यास स्वार पुढे घसरत राहतो आणि ती घसरण हातांनी अडवावी लागते. सीटची रुंदी बैठकीच्या दोन हाडांमधील अंतरावरून ठरते. गादी किती मऊ आहे याला कमी महत्त्व आहे. फार मऊ गादीत हाडे रुततात व मधला भाग वर येऊन दाबतो.

हँडल : हँडल किती खाली व किती लांब, हे स्टेम, म्हणजे हँडल धरणारा आडवा तुकडा, व त्याच्या खाली-वर बसणाऱ्या स्पेसर-कड्या यांवर ठरते. आरामात चालवण्यासाठी हँडल सीटच्या पातळीला किंवा ३-४ सेंमी. खाली पुरते. ब्रेकच्या हुडांवर (ब्रेकच्या दांड्यांवरील रबरी मुठींवर) हात असताना कोपर किंचित वाकलेले राहावे, आणि सपाट रस्त्यावर बेताच्या जोराने पेडल मारताना तळहात क्षणभर उचलले तरी धड पुढे कोसळू नये. करंगळी व अनामिका बधिर होत असतील, तर मनगटाच्या कडेला जाणारी नस दबते आहे. हातमोजे बदलण्याआधी सीटचा उतार व हँडलची उंची तपासावी.

स्टेमची लांबी १० मिमी.च्या टप्प्यांत मिळते. बहुतेक स्टेम उलटे लावून हँडल वर-खाली करता येते. उंची बदलताना आधी स्टेमच्या बाजूचे दोन बोल्ट ढिले करावे, मग माथ्यावरील टोपी काढून स्पेसर हलवावे. फोर्कच्या (पुढचे चाक धरणाऱ्या दुफाट्याच्या) नळीचे वरचे टोक स्टेमच्या (किंवा वर ठेवलेल्या स्पेसरच्या) कडेपेक्षा २ ते ३ मिमी. खाली राहिले पाहिजे, नाहीतर टोपीचा दाब बेअरिंगपर्यंत पोहोचत नाही. पुढचा ब्रेक दाबून सायकल मागेपुढे हलवावी व खडखड थांबेपर्यंतच टोपी आवळावी. नंतर स्टेम चाकाच्या रेषेत आणून बाजूचे बोल्ट आळीपाळीने, सहसा ५ न्यूटन-मीटरपर्यंत, घट्ट करावे. बाजूचे बोल्ट आधी आवळून मग टोपी फिरवणे ही नेहमीची चूक आहे. तशाने बेअरिंगची ढिलाई जशीच्या तशी राहते.

गिअरची निवड : गिअर बदलण्याच्या यंत्रणा इंग्लंड व फ्रान्समध्ये १८९० च्या दशकात दिसू लागल्या, पहिला मान कोणाचा, यावर एकमत नाही. सेंत-एतिएनचे पॉल द विवी (१८५३–१९३०), ज्यांना ‘व्हेलोसिओ’ म्हणत, यांनी प्रवासी स्वारांसाठी हलक्या गिअरचा सातत्याने पुरस्कार केला. तूर द फ्रान्स शर्यतीत डिरेलरला (चेन एका चक्रावरून दुसऱ्यावर ढकलणाऱ्या यंत्रणेला) परवानगी मात्र १९३७ मध्ये मिळाली. तिरक्या समांतरभुज रचनेचा मागचा डिरेलर सनटूर कंपनीने १९६४ मध्ये आणला आणि खटक्यागणिक एक गिअर बदलणारी शिमानोची योजना १९८४ मध्ये आली.

स्पर्धांचा प्रभाव दातांच्या संख्येवर दीर्घकाळ राहिला. ५३ व ३९ दातांच्या चेनरिंगांच्या (५३/३९) जोडीत ३९ हा आकडा स्वाराच्या गरजेतून आलेला नाही : चेनरिंगचे बोल्ट ज्या वर्तुळावर बसतात त्याचा व्यास १३० मिमी. असला, की ३८ पेक्षा लहान रिंग बसतच नाही. ११० मिमी.च्या वर्तुळामुळे ५०/३४ ची जोडी शक्य झाली.

पेडलच्या एका फेऱ्यात सायकल किती पुढे जाते, हे चेनरिंगच्या दातांना मागच्या चक्राच्या दातांनी भागून व चाकाच्या परिघाने गुणून मिळते. ७००×२५ टायरचा परिघ सुमारे २.१ मी. असतो. त्यानुसार ३९/२५ वर ३.२८ मी., ३४/२८ वर २.५५ मी. आणि ३४/३४ वर २.१ मी. अंतर जाते. स्वार व सायकल मिळून ८० किग्रॅ. असतील आणि चढ ८ टक्के असेल, तर केवळ उंची गाठण्यासाठी १५५ वॅट शक्तीत ताशी सुमारे ८.८ किमी. वेग मिळतो. ३४/३४ वर तो मिनिटाला ७० फेऱ्यांनी राखता येतो. ३९/२५ वर फेरे ४५ पर्यंत उतरतात. १७० मिमी. क्रँकवर पेडलवरील सरासरी जोर पहिल्या बाबतीत सुमारे १२४ न्यूटन, दुसऱ्या बाबतीत १९३ न्यूटन होतो. सीटची कोणतीही सुधारणा हा फरक भरून काढत नाही. हलक्या गिअरचीही एक बाजू आहे : पेडलवरचा जोर घटतो, तेवढे वजन सीट व हातांवर येते, म्हणून लांब चढावर अधूनमधून उभे राहून बैठक मोकळी करावी.

क्रँकच्या लांबीबाबत मार्टिन व स्पिरडूसो यांच्या २००१ मधील अभ्यासात १२० ते २२० मिमी. एवढ्या मोठ्या पल्ल्यातही कमाल शक्ती सुमारे ४ टक्क्यांनीच बदलली. ज्यांचा गुडघा वरच्या टोकाला फार वाकतो, त्यांनी क्रँक आखूड घेतल्यास शक्ती गमावण्याची भीती बाळगू नये. क्रँक जितका आखूड, तितकी सीट वर घ्यावी लागते.

मोठी कॅसेट बसवताना : मागच्या डिरेलरच्या दोन मर्यादा तपासाव्या लागतात. एक, तो पेलू शकेल असे सर्वांत मोठे चक्र. दुसरी, एकूण क्षमता, म्हणजे चेनरिंगांच्या दातांतील फरक अधिक कॅसेटच्या टोकांतील फरक. ५०/३४ चेनरिंगा व ११–३४ दातांच्या कॅसेटसाठी १६ + २३ = ३९ दात लागतात. शिमानोच्या ११ गिअरच्या १०५ आर७००० मालिकेत आखूड पिंजऱ्याचा (चेन ताणून धरणाऱ्या खालच्या चौकटीचा) डिरेलर ३० दातांपर्यंत व ३५ क्षमतेचा, तर मध्यम पिंजऱ्याचा ३४ दातांपर्यंत व ३९ क्षमतेचा आहे. चेनही बहुधा लांब घ्यावी लागते : डिरेलरमधून न ओवता ती मोठ्या चेनरिंगवरून व मोठ्या चक्रावरून ओढून धरावी आणि जेथे जुळते तेथून दोन कड्या (१२.७ मिमी.च्या) अधिक ठेवाव्या. आखूड चेन मोठ्या-मोठ्या जोडीवर चढवली, तर डिरेलर किंवा तो धरणारा हँगर मोडू शकतो.

मागच्या डिरेलरची मांडणी करण्याआधी हँगर सरळ आहे याची खात्री करावी. सायकल उजव्या कुशीवर पडली असेल, तर तो बहुतेक वाकलेलाच असतो आणि मग कोणताही स्क्रू फिरवून गिअर नीट बसत नाही. केबल सोडून ‘एच’ स्क्रूने वरची गाइड-पुली (डिरेलरचे वरचे छोटे चाक) सर्वांत लहान चक्राच्या रेषेत आणावी. केबल ताणून बांधावी, चेन सर्वांत मोठ्या चक्रावर नेऊन ‘एल’ स्क्रूने पुली स्पोकांकडे जाणे अडवावे आणि ‘बी’ स्क्रूने पुली व त्या चक्रातील फट ५ ते ६ मिमी. करावी. मग बॅरल अॅडजस्टर (केबलचा ताण बदलणारी गोल चावी) पाव-पाव फेरा फिरवावा : चेन मोठ्या चक्रावर चढायला कां कू करत असेल, तर घड्याळाच्या उलट दिशेने, लहान चक्रावर उतरायला अडत असेल, तर सुलट. दोन्हीकडे अडत असल्यास दोष ताणात नसून गंजलेल्या केबलमध्ये किंवा चेपलेल्या आउटरमध्ये (केबलच्या वेष्टनात) असतो. पुढच्या डिरेलरच्या पिंजऱ्याची बाहेरील पट्टी मोठ्या चेनरिंगच्या दातांवर १ ते ३ मिमी. उंच व तिला समांतर ठेवतात.

चेनची झीज (लांबीतील वाढ) ११ गिअरच्या सायकलवर ०.५ टक्के व १० किंवा कमी गिअरवर ०.७५ टक्के झाली, की ती बदलावी. त्यापुढे चालवल्यास चक्रांचे दातही तिच्याप्रमाणे झिजतात आणि नवी चेन जुन्या कॅसेटवर, विशेषतः नेहमी वापरातील दोन-तीन चक्रांवर, जोर दिल्यावर उड्या मारते.