जुन्या मदरबोर्डवर नवं ग्राफिक्स कार्ड: ही सोय आली कुठून?

दहा वर्षांपूर्वीच्या मदरबोर्डात (संगणकाचे सगळे भाग जोडणाऱ्या मुख्य पाटीत) आजचं ग्राफिक्स कार्ड बसतं आणि बहुतेक वेळा चालतंही. या सोयीचं मूळ १९८१च्या आयबीएम पीसीमध्ये आहे. त्यात जादा कार्डांसाठी स्लॉट, म्हणजे खाचा, होत्या, आणि त्यांचा तांत्रिक तपशील आयबीएमने स्वतःच छापून दिला होता. मग कार्डं बनवायला कुणालाच अडसर राहिला नाही.

गेमिंगसाठी अशा स्लॉटांचं चीज झालं ते १९९६मध्ये, थ्रीडीएफएक्स कंपनीच्या व्हूडू कार्डाने. हे कार्ड फक्त त्रिमितीय चित्र काढायचं. बाकी कामांसाठी आधीचं कार्ड तसंच ठेवायचं आणि दोघांना मागून केबलने जोडायचं, असा तो ओबडधोबड जुगाड होता. पण प्रोसेसरच्या जिवावर ३२० × २०० पिक्सेलांवर (चित्राच्या ठिपक्यांवर) खेळला जाणारा ‘क्वेक’ हा गेम त्याच संगणकावर ६४० × ४८० वर सफाईने पळू लागला. दोन वर्षांनी व्हूडू २ आलं. एकट्या कार्डाची धाव ८०० × ६०० पर्यंत. दोन जोडली की १०२४ × ७६८. एक कार्ड एकाआड एक ओळी रंगवायचं, उरलेल्या दुसरं. जास्त रिझोल्यूशन (म्हणजे जास्त पिक्सेल) हवं तर कार्डावर खर्च करा, ही सवय इथलीच.

मधला एजीपी, हा खास ग्राफिक्स कार्डांचा स्लॉट, आला नि गेला. २००४पासून मदरबोर्डांवर पीसीआय एक्स्प्रेस हा स्लॉट दिसू लागला. पिढीगणिक त्याचा वेग साधारण दुप्पट झाला, तरी स्लॉटचा आकार बदलला नाही. नवं कार्ड जुन्या स्लॉटच्या वेगाशी जुळवून घेतं. कार्डाला मार्गिका (स्लॉटमधून माहिती ने-आण करणाऱ्या वाटा) कमी असतील तर मात्र हे महागात पडतं. २०२२च्या आरएक्स ६५०० एक्सटी या कार्डाला चारच मार्गिका होत्या, आणि जुन्या बोर्डांवर ते रखडलं. विजेचंही तसंच. स्लॉटमधून ७५ वॅट मिळतात, बाकीची वीज वेगळ्या वायरींनी द्यावी लागते. म्हणून कार्डापाठोपाठ पॉवर सप्लायही बदलावा लागतो.

प्रोसेसरची गोष्ट वेगळी. फुल एचडीत सुमारे २१ लाख पिक्सेल असतात, फोरकेमध्ये ८३ लाख. हे चौपट रंगकाम कार्डाच्या गळ्यात पडतं. शत्रूने कुठे वळायचं, गाडी कशी उलटायची हा प्रोसेसरचा हिशेब मात्र दर फ्रेमला (पडद्यावरच्या एकेका चित्राला) जवळजवळ तेवढाच राहतो. त्यामुळे कमी रिझोल्यूशनवर उघडा पडणारा जुना प्रोसेसर फोरकेवर कार्डाच्या आड लपतो. इंटेलचा २०११चा कोअर आय५-२५००के हा प्रोसेसर लोकांनी वर्षानुवर्षं वापरला त्याचं हे एक कारण. दुसरं कारण (मला तेच मोठं वाटतं) म्हणजे इंटेलचे सर्वसाधारण डेस्कटॉप प्रोसेसर २०१७पर्यंत चार कोअरांवरच (एकाच वेळी काम करणाऱ्या गाभ्यांवरच) अडून बसले होते. त्या वर्षी प्रतिस्पर्धी एएमडीने आठ कोअरांचे रायझन आणले तेव्हा कुठे हालचाल झाली. २०२०च्या कन्सोलांत (टीव्हीला जोडायच्या गेमयंत्रांत) आठ चांगले कोअर आणि एसएसडी ही वेगवान साठवण आली, आणि गेम त्या मापाने बनू लागले.

दरम्यान २०१८मध्ये ग्राफिक्स कार्डं बनवणाऱ्या एनव्हिडियाने डीएलएसएस हे तंत्र आणलं: चित्र कमी पिक्सेलांत काढायचं आणि मग मोठं करायचं. फोरके पडद्यावर त्याचा ‘परफॉर्मन्स’ मोड निवडला की कार्ड प्रत्यक्षात फुल एचडीच काढतं. कार्डाचं ओझं उतरतं, फ्रेम वाढतात, आणि आडोशाला लपलेला जुना प्रोसेसर पुन्हा उघडा पडतो.