टोकन दहाच मिनिटांचं का?

टोकन म्हणजे तुमच्या सिस्टीमची ओळख सांगणारा, आम्ही सही करून दिलेला दाखला. तो दहाच मिनिटं चालतो. आमच्या मदतकक्षाकडे सगळ्यात जास्त वेळा येणारी विनंती एकच: "टोकनची मुदत वाढवून द्या, निदान एक दिवस तरी करा." एका ग्राहकानं तर वर्षभराचं मागितलं होतं. आम्ही दर वेळी नाही म्हणतो. नुसतं नाही म्हणणं बरं दिसत नाही, म्हणून हे पत्रक. दहाच मिनिटं का आणि ती जाचू नयेत म्हणून तुमच्या बाजूला काय करावं लागतं, दोन्ही यात आहे. प्रोग्रॅम लिहिणाऱ्यांबरोबर कामकाज बघणाऱ्यांनीही वाचावं, कारण यातल्या बऱ्याच गोष्टींचा कोडशी काही संबंध नाही.

टोकन कशासाठी

तुमची सिस्टीम दुसऱ्या कंपनीच्या वेब सेवेला संदेश पाठवते. ऑर्डर असेल, बिल असेल, साठ्याची चौकशी असेल. समोरच्यानं तुम्हाला ओळखायचं कसं? प्रत्येकाला वेगळा पासवर्ड देत बसलं तर वीस ठिकाणी वीस पासवर्ड होतात आणि त्यातला एखादा फुटतोच. म्हणून दोघांचाही विश्वास असलेली टोकन सेवा मध्ये असते. तिला एसटीएस (सिक्युरिटी टोकन सर्व्हिस) म्हणतात. आम्ही चालवतो ती हीच. तुमची सिस्टीम सर्टिफिकेट, म्हणजे डिजिटल ओळखपत्र, आणि त्याच्या जोडीची गुप्त किल्ली, म्हणजे प्रायव्हेट की, यांच्या आधारे आम्हाला ओळख पटवते, आम्ही सही केलेलं टोकन देतो, ते संदेशाच्या हेडरमध्ये बसून जातं आणि समोरची सेवा आमची सही तपासून संदेश आत घेते. तुमची प्रायव्हेट की या सगळ्यात तुमच्या सर्व्हरबाहेर जात नाही.

या देवाणघेवाणीचे नियम आमच्या मनचे नाहीत. सोप या एक्सएमएलमधल्या संदेशांसाठीचं डब्ल्यूएस-सिक्युरिटी हे ओएसिस संस्थेचं मानक २००४ चं, आणि टोकन मागायचं कसं, द्यायचं कसं हे ठरवणारं डब्ल्यूएस-ट्रस्ट १.३ मार्च २००७ चं. त्यात मुख्य कामं चार: नवं टोकन देणं, असलेल्याची मुदत वाढवणं, रद्द करणं आणि खरं-खोटं तपासून सांगणं. तिथे टोकन बहुधा सॅमल या एक्सएमएल स्वरूपाचं असतं. नव्या सेवा परवानगी देण्याघेण्याची ओऑथ २.० ही पद्धत आणि २०१५ मध्ये मानक झालेलं जेडब्ल्यूटी हे टोकनचं स्वरूप वापरतात. आमच्याकडे दोन्ही चालतं. नावं बदलली तरी तपासायच्या गोष्टी त्याच: कोणी दिलं, कोणाबद्दल दिलं, कोणासाठी दिलं, कधीपर्यंत चालेल.

"आमच्याकडे टीएलएस आहे, मग हे कशाला?" असंही विचारलं जातं. टीएलएस दोन टोकांमधली वाट सुरक्षित करतं. संदेश मध्ये गेटवेवर थांबला, रांगेत पडला, पुढच्या सर्व्हरकडे गेला की ती वाट तिथे संपते आणि नवी सुरू होते. टोकन आणि संदेशावरची सही मात्र शेवटपर्यंत संदेशासोबत जातात. दोन्ही हवीत, एकाच्या बदल्यात दुसरं नाही.

ज्याच्या हाती ससा तो पारधी

साधं टोकन, ज्याला बेअरर म्हणतात, ते कोण घेऊन आलं हे विचारत नाही. तुमचं टोकन दुसऱ्याच्या हाती लागलं की समोरच्या सेवेच्या लेखी तो माणूस म्हणजेच तुम्ही. आणि एकदा दिलेलं टोकन परत बोलावणं वाटतं तितकं सोपं नसतं.

डब्ल्यूएस-ट्रस्टमध्ये रद्द करण्याची सोय आहे हे खरं. पण रद्द केल्याची नोंद आमच्याकडे होते. समोरची सेवा फक्त सही आणि मुदत बघत असेल तर तिला त्याचा पत्ताही नसतो. तिच्या दृष्टीनं टोकन खणखणीतच. प्रत्येक संदेशाच्या वेळी तिनं आम्हाला विचारावं, असा दुसरा मार्ग आहे. ओऑथमध्ये त्यासाठी २०१५ पासून स्वतंत्र मानकही आहे. पण मग प्रत्येक संदेशामागे एक फेरी वाढते, आणि आमची सेवा पाच मिनिटं बंद पडली तर सगळ्यांचे सगळे व्यवहार बंद. मोठ्या रकमेच्या व्यवहारांसाठी आम्ही तसं करतो. बाकी सगळीकडे आखूड मुदत हाच रद्द करण्याचा खरा उपाय आहे. अकरा वाजता दिलेलं टोकन फुटलं तरी अकरा दहानंतर तो कागदाचा कपटा. घड्याळातल्या फरकासाठी आम्ही दोन मिनिटं सवलत देतो, म्हणजे फार तर अकरा बारा.

जमत असेल तिथे की-ला बांधलेलं टोकन मागा. त्यात टोकनसोबत तुमची प्रायव्हेट की जवळ असल्याचा पुरावाही द्यावा लागतो, त्यामुळे नुसतं टोकन चोरून भागत नाही. सॅमलमध्ये ही सोय जुनी आहे, आणि ओऑथमध्ये टोकन सर्टिफिकेटला बांधायची पद्धत २०२० मध्ये मानक झाली. बसवायला थोडं जास्त काम आहे, पण आमचं मत विचाराल तर करून टाका.

टोकन फुटतं कुठून

हल्लेखोर भिंत फोडून आला, असं आम्ही आजवर क्वचितच पाहिलं. टोकन बाहेर जातं ते लॉगमधून, म्हणजे सिस्टीम लिहून ठेवते त्या नोंदींमधून, आणि मदतीच्या ईमेलमधून. "संदेश जात नाहीये, बघा जरा" म्हणून आख्खा संदेश टोकनसकट आम्हालाच चिकटवून पाठवतात, सोबत आणखी पाच जणांना प्रत. जेडब्ल्यूटी नुसतं बघितलं तर अक्षरांचा गिचमिड गोळा वाटतो, पण ते गुपित नसतं. ती बेस६४ नावाची अक्षरांची नुसती मांडणी आहे आणि कोणालाही उलगडून वाचता येते. लॉगमध्ये टोकनचा फक्त ओळख क्रमांक ठेवा, सहीचा भाग कधीच नको. आणि टोकन पत्त्यात, म्हणजे यूआरएलमध्ये तर मुळीच नको. यूआरएल वाटेतल्या प्रत्येक सर्व्हरच्या नोंदीत उतरतो.

दहा मिनिटांत काम कसं भागवायचं

प्रत्येक संदेशाला नवं टोकन मागू नका. मिळालेलं टोकन मेमरीत ठेवा आणि आठ मिनिटांच्या आसपास पुढचं मागा. मुदत कोडमध्ये लिहून ठेवू नका, आमच्या उत्तरात येते तीच वाचा, कारण उद्या आम्ही ती सातवरही आणू. तुमच्या प्रोग्रॅमचे एकाच वेळी चाळीस थ्रेड, म्हणजे समांतर कामं, चालत असतील तर मुदत संपताच चाळीसही जण आमच्या दारात येतात. एकानंच मागावं, बाकीच्यांनी थांबावं, असं कुलूप लावा. नकार आला तर लगेच पुन्हा आदळू नका. आधी थोडं थांबा, मग त्याहून जास्त.

मुदत वाढवून मागणाऱ्यांची खरी अडचण बहुधा रांगेची असते. रात्रीचं काम सुरू होतं, तीन हजार संदेश टोकनसकट तयार होऊन रांगेत पडतात आणि रांग पुढे सरकेपर्यंत टोकन शिळं होतं. सकाळी निम्मे संदेश परत आलेले असतात. यावर वर्षभराचं टोकन हा इलाज नाही. टोकन संदेश तयार करताना न लावता रांगेतून बाहेर पाठवताना लावा, एवढंच करायचं आहे. रांगेत फक्त मजकूर असावा. रांगच चोरीला गेली तरी मग तिच्यात टोकन सापडत नाही, हा वरचा फायदा. रांग तुमच्याकडे नसून स्वीकारणाऱ्याकडे असेल तर त्यानं टोकन दारातच तपासावं, निकाल संदेशासोबत नोंदवावा आणि तीन तासांनी संदेश उघडताना पुन्हा मुदत बघू नये.

संदेश पुन्हा पाठवतानाही एक गफलत होते. जुनाच संदेश जसाच्या तसा पाठवला तर समोरची सेवा तो नाकारेल, आणि तसं करणं बरोबरच आहे. कोणीतरी तुमचा संदेश पकडून पुन्हा पुन्हा पाठवू नये म्हणून ती आलेले क्रमांक काही काळ लक्षात ठेवते. तेव्हा संदेश क्रमांक आणि वेळ नवी घाला, सही नव्यानं करा, पण आतला ऑर्डर क्रमांक तोच ठेवा. तो बदललात तर एका ऑर्डरच्या दोन होतील.

घड्याळ

याला वेगळं शीर्षक दिलंय, कारण "टोकन चालत नाही" अशा तक्रारींचं मूळ बघायला गेलं की आम्ही पहिल्यांदा घड्याळच विचारतो. टोकनवर आणि संदेशावर "केव्हापासून" आणि "केव्हापर्यंत" अशा वेळा असतात. तुमचा सर्व्हर चार मिनिटं पुढे असेल तर तुमचा संदेश आमच्या दृष्टीनं भविष्यातून आलेला असतो. सगळ्या सर्व्हरवर एनटीपी, म्हणजे नेटवर्कवरून घड्याळ जुळवणारी सोय, चालू ठेवा. व्हर्च्युअल मशीन थांबवून पुन्हा सुरू केलं की ते कधी कधी जुन्याच वेळेत जागं होतं, तिकडे लक्ष द्या. आणि वेळ यूटीसी, म्हणजे जागतिक प्रमाणवेळ, यातच लिहा. स्थानिक वेळ लिहून शेवटी यूटीसीची खूण लावायची, हा प्रकार इतक्या वेळा पाहिलाय की फरक बघूनच आम्ही ओळखतो. अडचण अशी की त्रुटीच्या संदेशात घड्याळाचं नाव नेहमी येतंच असं नाही. नुसतं "ओळख पटली नाही" असं येतं आणि माणसं दिवसभर पासवर्ड तपासत बसतात.

तुम्ही स्वीकारणारे असाल तर

सही बरोबर आहे म्हणजे सगळं झालं, असं समजू नका. टोकन तुमच्याच सेवेसाठी दिलंय का, हे बघा. ते न बघणाऱ्या सेवेकडे दुसऱ्याच सेवेसाठी दिलेलं टोकनही चालून जातं. एक्सएमएलमध्ये सही एका भागावर आणि प्रोग्रॅम वाचतो दुसराच भाग, असा हल्ला २००५ मध्येच संशोधकांनी दाखवला होता. म्हणून ज्या भागाची सही तपासली तोच भाग वाचा. जेडब्ल्यूटीमध्ये सहीची पद्धत "नन", म्हणजे सहीच नाही, असंही लिहिता येतं, आणि काही लायब्ररींनी ते मुकाट्यानं मान्य केल्याचं २०१५ मध्ये उघड झालं. कोणत्या पद्धती चालतील ते तुम्ही ठरवा, टोकनला विचारू नका.

सर्टिफिकेट आणि की

आखूड मुदतीनं सगळं भागत नाही, हेही सांगितलं पाहिजे. २०२० च्या डिसेंबरात उघड झालेल्या सोलरविंड्स प्रकरणात हल्लेखोरांनी काही ठिकाणी टोकनवर सही करायची कीच पळवली होती. की हाती असली की हवं त्या नावाचं, हव्या त्या मुदतीचं टोकन घरीच बनतं, तिथे दहा मिनिटांचा काय उपयोग? आमची सही करायची की म्हणूनच एचएसएम या वेगळ्या उपकरणात असते आणि तिथून ती आम्हालाही बाहेर काढता येत नाही. ती आम्ही दरवर्षी बदलतो. बदलताना ३० दिवस जुनी आणि नवी अशी दोन्ही सर्टिफिकेटं आमच्या मेटाडेटात, म्हणजे इतर सिस्टीमना वाचता यावी म्हणून ठेवलेल्या आमच्या सेवेच्या माहितीत, असतात. तुमची सिस्टीम मेटाडेटा वाचत असेल तर तुम्हाला कळणारही नाही. कोणीतरी जुनं सर्टिफिकेट हातानं फाइलमध्ये टाकून ठेवलं असेल तर एकतिसाव्या दिवशी कळेल.

तुमच्या सर्टिफिकेटलाही मुदत असते. आठवणीचे ईमेल आम्ही ६०, ३० आणि ७ दिवस आधी पाठवतो, पण ते नोकरी सोडून गेलेल्या माणसाच्या पत्त्यावर गेले तर काय करणार? एकट्या माणसाचा पत्ता देऊ नका, विभागाचा द्या.

फोन करताना

संदेश क्रमांक, यूटीसीमधली वेळ आणि आलेला त्रुटी-कोड एवढं सांगा, टोकन पाठवू नका. की फुटल्याचा नुसता संशय आला तरी रात्री-अपरात्री फोन करा. आधी खात्री करून घेऊ, मग कळवू, असं नको. आम्ही तुमचं सर्टिफिकेट लगेच बंद करतो. त्या क्षणापासून त्या कीवर नवं टोकन मिळत नाही आणि आधी दिलेलं शेवटचं टोकन जास्तीत जास्त बारा मिनिटांत संपतं. वर्षभराचं दिलं असतं तर ते वर्षभर चालत राहिलं असतं.