कॅमेरा ड्रायव्हर: कर्नलमधे बसून दारं धरणारा

पहिल्यांदा एका छोट्या बोर्डाला कॅमेरा जोडून त्यातून थेट कच्ची फ्रेम काढली तेव्हा जे समोर आलं त्याला फोटो म्हणवत नव्हतं. सगळं काळपट हिरवं, कोपरे अंधारलेले आणि झूम केलं की बारीक चौकड्यांची जाळी. मला वाटलं सेन्सर गेला. पण सेन्सर ठणठणीत होता, सगळे सेन्सर हेच बघतात, तुमच्या खिशातल्या फोनचासुद्धा. त्या हिरव्या काल्याचा फोटो होईपर्यंत मधे बरंच काही घडतं आणि त्यातला जो भाग ऑपरेटिंग सिस्टिमच्या पोटात, म्हणजे कर्नलमधे चालतो, तो कॅमेरा ड्रायव्हर, म्हणजे कॅमेऱ्याचं हार्डवेअर चालवणारा कोड, त्याबद्दल मराठीत कुणी फारसं लिहीत नाही, म्हणून हे लिहायला घेतलं.

आधी हिरव्याचं सांगते. सेन्सरच्या पिक्सेलला रंग कळत नाही, किती उजेड पडला एवढंच कळतं. म्हणून प्रत्येक पिक्सेलच्या डोक्यावर एकेक रंगीत फिल्टर बसवलेला असतो, चार पिक्सेलच्या चौकटीत दोन हिरवे, एक लाल, एक निळा. ही मांडणी कोडॅकमधल्या ब्राइस बेयर यांची, पेटंट १९७६ सालचं, आणि आजही बहुतेक कॅमेरे तीच वापरतात. हिरवे दुप्पट कारण आपल्या डोळ्याला बारकावे हिरव्या उजेडात जास्त नीट दिसतात. म्हणजे प्रत्येक पिक्सेलला तीनपैकी एकच रंग माहीत असतो, उरलेले दोन शेजाऱ्यांकडे बघून अंदाजाने भरायचे.

हे भरायचं काम आणि त्याच्या आगेमागे येणारी बाकीची कामं ज्या हार्डवेअरमधे होतात तो आयएसपी, इमेज सिग्नल प्रोसेसर. काळ्याची पातळी वजा करायची (सोनीच्या आयएमएक्स२१९ सेन्सरमधे पूर्ण अंधारातसुद्धा १०२३ पैकी साधारण ६४ असा आकडा येतो, तो काढून टाकावा लागतो), लेन्समुळे अंधारलेले कोपरे उजळायचे, पांढरं पांढरं दिसेल असं रंगांचं माप लावायचं, रंग भरायचे, दाणेदारपणा कमी करायचा, आणि शेवटी स्क्रीनला किंवा व्हिडिओ एन्कोडरला चालेल अशा फॉरमॅटमधे द्यायचं. हे सगळं दर फ्रेमला.

आता आकडे बघा म्हणजे हे साध्या सॉफ्टवेअरमधे का झेपत नाही ते कळेल. रास्पबेरी पाय या छोट्या कॉम्प्युटरच्या दुसऱ्या कॅमेरा मॉड्यूलमधे असतो तोच हा आयएमएक्स२१९. ३२८० गुणिले २४६४, म्हणजे ८० लाखांवर पिक्सेल, प्रत्येकी १० बिट, चार पिक्सेल पाच बाइटमधे दाबून बसवले तरी एक फ्रेम १० एमबीची. सेकंदाला १५ फ्रेम धरल्या तर दीडशे एमबी दर सेकंदाला, आणि हा सेन्सर काही आजच्या हिशेबात मोठा नाही.

आणि मुख्य म्हणजे हा प्रवाह थांबत नाही. मला वाटतं कॅमेरा ड्रायव्हर समजून घ्यायचा तर ही एकच गोष्ट आधी डोक्यात बसायला हवी. हार्ड डिस्कला तुम्ही मागता तेव्हा ती देते. सेन्सर एकदा चालू केला की तो कुणासाठी थांबत नाही, ओळीमागून ओळ सोडत राहतो, तुमची तयारी असो नसो. ज्यांच्या घरी शेती आहे त्यांना हे लगेच कळेल, कारण हे डिट्टो दारं धरण्यासारखं आहे. पाटाला पाणी सुटलंय, एक वाफा भरत आला की तो फुटायच्या आत पुढच्याचं दार मोडायचं आणि भरलेल्याचं बुजवायचं, पाणी तुमची वाट बघत नाही. कॅमेरा ड्रायव्हर दारं धरतो. पाण्यात काय आहे, चित्रात माणूस आहे की झाड, याच्याशी त्याला देणंघेणं नाही.

लिनक्सचं उदाहरण घेऊ, कारण तिथला कोड उघडा आहे, कुणीही वाचू शकतं. रॉकचिप कंपनीच्या आरके३३९९ या चिपमधल्या आयएसपीचा ड्रायव्हर लिनक्सच्या मुख्य कर्नलमधे आहे, नाव आरकेआयएसपी१, आणि तोच ड्रायव्हर एनएक्सपीच्या आयएमएक्स८एम प्लस चिपवरपण चालतो कारण आतला आयएसपीचा गाभा एकाच घराण्यातला. सेन्सरचा ड्रायव्हर मात्र वेगळा. सेन्सर आणि चिप यांच्यात दोन वाटा असतात. एक आयटूसी नावाची हळू वाट, तिच्यावरून हुकूम जातात, एक्स्पोजर (उजेड किती वेळ घ्यायचा) एवढं कर, गेन (सिग्नल किती पट वाढवायचा) तेवढा कर. दुसरी सीएसआय-२ नावाची वेगवान वाट, तिच्यावरून चित्र येतं. सेन्सरचा ड्रायव्हर सुरुवातीला वीज चालू करतो, २४ मेगाहर्ट्झचं क्लॉक देतो, रिसेट सोडतो, थोडं थांबतो आणि आयटूसीवरून ओळख विचारतो. सेन्सरच्या पहिल्याच रजिस्टरमधे, म्हणजे चिपमधल्या आकडा ठेवायच्या छोट्या कप्प्यात, २१९ आलं (हेक्समधे) की समजायचं बरोबर जागी आलो. वेगळं काही आलं किंवा उत्तरच नाही आलं तर ड्रायव्हर तिथेच एरर देऊन थांबतो.

मग ॲप मेमरीतले काही बफर, म्हणजे एकेक फ्रेम मावेल अशा जागा, तयार करून रांगेत लावतं, समजा चार. एकेक बफर म्हणजे एकेक वाफा. ड्रायव्हर पहिल्या बफरचा पत्ता आयएसपीच्या रजिस्टरमधे लिहितो आणि तिथून पुढे आयएसपी स्वतःच मेमरीत लिहितो, सीपीयूला हात लावावा लागत नाही, याला डीएमए म्हणतात. फ्रेम पूर्ण झाली की आयएसपी सीपीयूला इंटरप्ट देतो, म्हणजे हातातलं काम थांबवून इकडे बघ अशी हाक मारतो, ड्रायव्हर जागा होतो, भरलेल्या बफरवर वेळ आणि फ्रेमचा नंबर टाकतो, तो ॲपला परत देतो.

पण यात एक गोची आहे. फ्रेम संपल्यावर पुढचा पत्ता लिहायला बसलो तर उशीर झाला, कारण दोन फ्रेमच्या मधला मोकळा वेळ फार थोडा असतो आणि सीपीयू तेव्हा दुसऱ्या कशाततरी अडकलेला असू शकतो. म्हणून हार्डवेअरवाल्यांनी प्रत्येक महत्त्वाच्या रजिस्टरच्या दोन प्रती ठेवल्यात. एक चालू फ्रेमसाठी वापरात असलेली, आणि दुसरी जिच्यात ड्रायव्हर निवांत पुढचा पत्ता लिहून ठेवतो, याला शॅडो रजिस्टर म्हणतात. फ्रेम संपली की हार्डवेअर स्वतःच दुसरी प्रत वापरात घेतं. म्हणजे ड्रायव्हर कायम एक पाऊल पुढे असतो, आता भरतोय तो बफर जुनाच ठरलेला, हातात आहे तो त्याच्या पुढचा. ड्रायव्हरचा कोड वाचताना बहुतेक लोक इथेच गोंधळतात, मीपण गोंधळले होते, इंटरप्ट आल्यावर नेमका कुठला बफर परत द्यायचा हे कागदावर चौकटी काढल्याशिवाय डोक्यात शिरलं नाही.

आणि समजा ॲप हळू आहे, त्याने बफर वेळेत परतच केले नाहीत, रांग रिकामी. पाणी तर येतंच आहे. पत्ता बदलला नाही तर आयएसपी ज्या बफरमधे आत्ता लिहून झालं त्यातच पुन्हा लिहील, आणि ॲप तेच चित्र बघत असेल तर अर्धं जुनं अर्धं नवं दिसेल. आरकेआयएसपी१ मधे यावर जो उपाय आहे तो मला फार आवडतो. ड्रायव्हर सुरुवातीलाच एक जास्तीचा बफर बाजूला काढून ठेवतो, तो ॲपला कधीच दिला जात नाही, एवढंच काय कर्नल स्वतःसुद्धा तो वाचत नाही, वाचण्यासाठीची जोडणीच केलेली नसते. रांग रिकामी झाली की पत्ता त्याचा द्यायचा. वाफा तयार नसेल तर पाणी ओढ्याला सोडायचं, बांध फुटू द्यायचा नाही. ती फ्रेम वाया जाते, नंबर मात्र पुढे सरकतो, त्यामुळे ॲपला नंतर कळतं की मधली एक गेली.

आता एक्स्पोजर आणि रंगांचं बघू, कारण खरी वेळेची कसरत तिथे आहे. आयएसपी चित्र बनवता बनवता आकडेवारीपण गोळा करतो. आरके३३९९ वर तो फ्रेमच्या ५ गुणिले ५ अशा २५ चौकटी करून प्रत्येकीचा सरासरी उजेड मोजतो, शिवाय हिस्टोग्राम (किती उजेडाचे किती पिक्सेल), शिवाय रंगांची सरासरी. ड्रायव्हर ही आकडेवारी दर फ्रेमला एका वेगळ्या बफरमधून बाहेर देतो. बाहेर म्हणजे कर्नलच्या बाहेर, साध्या प्रोग्रॅमला. तिथे लिबकॅमेरासारखी लायब्ररी हिशेब करते, फार उजेड आहे एक्स्पोजर कमी कर, पिवळट दिसतंय निळा वाढव, आणि उत्तर परत पाठवते, रंगाचं आयएसपीच्या ड्रायव्हरकडे, एक्स्पोजरचं सेन्सरच्या ड्रायव्हरकडे.

एक्स्पोजर सेन्सरला सेकंदात सांगत नाहीत, ओळींत सांगतात. आयएमएक्स२१९ सेकंदाला १८ कोटी २४ लाख पिक्सेल काढतो, एका ओळीची लांबी मधल्या रिकाम्या जागेसकट ३४४८ पिक्सेल, म्हणजे सेकंदाला साधारण ५२,९०० ओळी. आता आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची, बरेच दिवे सेकंदाला १०० वेळा कमीजास्त होतात. एक्स्पोजर १० मिलिसेकंदाच्या पटीत नसेल तर व्हिडिओत आडवे पट्टे सरकताना दिसतात. १० मिलिसेकंद म्हणजे या सेन्सरच्या बरोबर ५२९ ओळी. हा आकडा पहिल्यांदा हाताने काढून सेन्सरला दिला आणि ट्यूबलाइटखालचे पट्टे गायब झाले तेव्हा मी खोलीत एकटीच टाळ्या वाजवल्या होत्या.

पण सांगितलं आणि लगेच झालं असं नाही. आज लिहिलेलं एक्स्पोजर या सेन्सरमधे दोन फ्रेमनी लागू होतं, गेन मात्र एकाच फ्रेमनी. दोन्ही एकदम लिहिले तर मधे एक फ्रेम अशी निघते जिच्यात गेन नवा आणि एक्स्पोजर जुनं, आणि व्हिडिओत उगाच एक चमक दिसते. म्हणून गेन मुद्दाम एक फ्रेम मागे ठेवून लिहावा लागतो. आणि हिशेब करणाऱ्यालापण माहीत हवं की समोर आलेली आकडेवारी कुठल्या सेटिंगची आहे, नाहीतर तो अंधार बघून एक्स्पोजर वाढवतो, परिणाम दिसला नाही म्हणून अजून वाढवतो, मग एकदम भगभगीत होतं, मग तो घाईने कमी करतो, आणि चित्र पाळण्यासारखं झुलत राहतं. फ्रेमच्या नंबराचं महत्त्व इथे आहे. ड्रायव्हरने तो नंबर चुकवला तर वरचा कितीही हुशार हिशेब वाया.

हा हिशेब कर्नलमधेच का नाही करत? एकतर कर्नलमधे दशांश अपूर्णांकांची गणितं सहसा करत नाहीत, आणि तिथे चूक झाली तर ॲप नाही अख्खी मशीन बसते. दुसरं, चांगला रंग कशाला म्हणायचं हे मत आहे, प्रत्येक लेन्स आणि सेन्सरसाठी वेगळं, ते बदलत राहतं. कर्नलमधे फक्त यंत्रणा ठेवायची, मत बाहेर. ही वाटणी लिनक्समधे हळूहळू ठरत गेली. नोकियाच्या २००९ च्या एन९०० फोनमधे ओमॅप३ चिप होती, तिच्या आयएसपीत इतके भाग आणि ते जोडायचे इतके मार्ग होते की कॅमेरा म्हणजे ॲपने उघडायची एकच डिव्हाइस फाइल ही जुनी कल्पना पुरेना. त्यातून मीडिया कंट्रोलर नावाची व्यवस्था आली, २०११ मधे कर्नल २.६.३९ मधे, जिच्यात सेन्सर, रिसीव्हर, आयएसपी, रिसायझर असे सुटे ठोकळे दिसतात आणि कुठला कुठे जोडायचा ते बाहेरून ठरवता येतं.

आणि ही वाटणी बिघडली की काय होतं तेही बघायला मिळालं. आयपीयू६ म्हणजे इंटेलच्या चिपमधला कॅमेऱ्याचा भाग, तो असलेल्या बऱ्याच लॅपटॉपवर लिनक्स टाकलं की कॅमेरा काळाच, कारण वेबकॅम आता साधा यूएसबीचा नव्हता, कच्चा सेन्सर होता. २०२४ मधे कर्नल ६.१० मधे कच्च्या फ्रेम घेणारा ड्रायव्हर आला, पण चित्र बनवणाऱ्या भागाचा त्यात नव्हता. म्हणून त्याच वर्षी लिबकॅमेरात आयएसपीचं काम सीपीयूवर करणारा कोड आला. मला त्या लोकांचं मनापासून कौतुक वाटतं, पण मीटिंगभर सीपीयू राबवायचा, बॅटरी जाळायची आणि त्याच चिपमधला आयएसपी झोपलेला, हे बघवत नाही.

शेवटी तुम्ही कॅमेरा ॲप बंद करता. तुमच्या दृष्टीने काम संपलं, ड्रायव्हरचं सगळ्यात नाजूक काम आता सुरू होतं. ॲप मेमरी परत मागतंय, पण आयएसपीला ते माहीत नाही, तो अर्ध्या फ्रेमवर आहे आणि जुन्या पत्त्यावर लिहितोय. त्या क्षणी मेमरी सोडून दिली आणि ती दुसऱ्या कुठल्या प्रोग्रॅमला मिळाली तर त्याच्या डेटावर तुमच्या खोलीचं चित्र उमटेल. मधे पत्ते तपासणारं आयओएमएमयू असेल तर ते लिहिणं अडवतं, पण त्याच्या भरवशावर कुणी ड्रायव्हर लिहीत नाही. म्हणून ड्रायव्हर थांबायची खूण करतो, चालू फ्रेम संपल्याच्या इंटरप्टची वाट बघतो, तो आला की सेन्सरला आयटूसीवरून थांब म्हणतो, उरलेले बफर ॲपला परत करतो, मग क्लॉक आणि वीज बंद. हे सगळं होईपर्यंत तुमचं बोट स्क्रीनवरून जेमतेम उचललेलं असतं.