ब्लर की चेंज? दूध संस्थेच्या फॉर्मला तपासणी कुठे लावायची

कोल्हापूरच्या आसपासच्या दूध संस्थांत सकाळचं संकलन चालू असतं, तेव्हा ऑपरेटरची नजर स्क्रीनवर कमी आणि रांगेतल्या किटल्यांवर जास्त असते. सभासद नंबर, टॅब, लिटर, टॅब, फॅट, एंटर. हात थांबत नाही. म्हणून ब्राउझरमधल्या अशा फॉर्मची तपासणी ब्लर या इव्हेंटवर (काही घडल्याचा ब्राउझरने स्क्रिप्टला दिलेला इशारा) लावली की चेंजवर, याने खूप फरक पडतो.

दोन्ही इव्हेंट रकान्यातून बाहेर पडताना येतात, त्यामुळे गल्लत होते. ब्लर म्हणजे रकान्याचा फोकस गेला, म्हणजे टाइप केलेलं आता तिथे उमटणार नाही, एवढंच. काही टाइप केलं की नाही याच्याशी त्याला देणंघेणं नाही; दुसऱ्या विंडोत गेलात तरी तो येतो. मजकुराच्या रकान्यात चेंज मात्र वापरणाऱ्याने मजकूर बदलून रकाना सोडला (टॅबने किंवा दुसरीकडे क्लिक करून) किंवा एंटर मारला तरच येतो. दोन्ही आले तर आधी चेंज, मग ब्लर.

समजा, फॅटमध्ये ६.५ च्या जागी ६५ पडलं. बरेच जण ब्लरमध्ये तपासून फोकस मेथडने कर्सर परत तिथेच ओढतात. हे करूच नये. सभासद नंबरच चुकलाय हे ऑपरेटरच्या आत्ता लक्षात आलं, तर त्याला वर जाताच येत नाही. कीबोर्ड वापरणारा कुठे अडकू नये, असा डब्ल्यूसीएजीचा (वेबसाइट सगळ्यांना वापरता याव्यात यासाठीच्या मार्गदर्शक तत्त्वांचा) २.१.२ हा निकषच आहे. चेंजवर तपासा, शेजारी ‘फॅट तपासा’ असं लाल अक्षरांत दाखवा आणि त्याला पुढे जाऊ द्या.

ती सूचना दुरुस्ती होईपर्यंत हलता कामा नये, कारण ६५ तसंच ठेवून पुन्हा आतबाहेर केलं तर चेंज परत येत नाही. फॅट मशीनचा आकडा स्क्रिप्टने भरला तरी चेंज येत नाही. तिथे तपासणीचं फंक्शन आपणच बोलवायचं.

रिकामा रकाना टॅबने ओलांडला तर चेंज गप्प, ब्लर येतो. तरी रिकाम्याची तपासणी मी सबमिटवरच ठेवतो. तेव्हा पहिल्या चुकलेल्या रकान्यावर फोकस न्यायला हरकत नाही, कारण नोंद संपली असं ऑपरेटरने स्वतःच सांगितलेलं असतं.

आणि सगळ्या रकान्यांसाठी फॉर्मवर एकच लिसनर (इव्हेंट आल्यावर चालणारं फंक्शन) लावणार असाल, तर चेंज तिथपर्यंत पोचतो. ब्लर मात्र रकान्यातून फॉर्मपर्यंत चढत नाही. त्याच्या जागी फोकसआउट घ्या; तोही फोकस गेल्यावरच येतो, पण वर चढतो.